डेबियनची ३२ वर्षं आणि आमच्याकडची भाऊबंदकी

गिरणाकाठ (चाळीसगावकडचा)
१६ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:४०

आज डेबियनचा वाढदिवस. डेबियन म्हणजे विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी कॉम्प्युटरची सिस्टिम. १६ ऑगस्ट १९९३ ला जाहीर झालं, म्हणजे आज ३२ पूर्ण. इकडे चौकात दहीहंडीच्या डीजेचं सकाळपासून टेस्टिंग चालूय, खिडकीच्या काचा थरथरतायत, झोप तर मोडलीच, म्हटलं बसल्या बसल्या एक धागा काढू. मागच्या शनिवारी राखीपौर्णिमेला १३ नंबरचं व्हर्जन आलं, ट्रिक्सी, आणि त्याच्यामुळे माझ्या घरी एक अडचण झालीय, ती खाली सांगतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स म्हणजे खरं तर नुसतं कर्नल, इंजिन म्हणा. नुसतं इंजिन शेतात नेऊन काय करणार, त्याला चाकं, स्टेअरिंग, नांगर सगळं जोडावं लागतं. असं जोडून हातात देतात त्याला डिस्ट्रो म्हणतात. १९९३ मध्ये एसएलएस नावाचा डिस्ट्रो चालायचा आणि तो बग्जनी नुसता किडलेला होता. अमेरिकेत इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत इयन मर्डॉक नावाचा २० वर्षांचा पोरगा शिकत होता, तो त्याला इतका वैतागला की म्हणाला मीच नवीन बनवतो. गर्लफ्रेंड डेब्रा आणि स्वतः इयन, दोन नावं जोडून डेबियन. पुढे दोघांचं लग्न झालं, नंतर ते मोडलंही, नाव तेवढं राहिलं.

त्याची खरी करामत मात्र नावात नाही. त्यानं जाहीरनामा लिहिला आणि त्यात म्हटलं की हे एकट्यानं किंवा एका कंपनीनं बनवायचं नाही, उघड्यावर, सगळ्यांनी मिळून बनवायचं. प्रत्येक पॅकेजला, म्हणजे एकेका सॉफ्टवेअरच्या गाठोड्याला, एक सांभाळणारा, तो त्याचा मालक नाही, राखणदार. सुरुवातीला नोव्हेंबर १९९४ पासून एक वर्ष रिचर्ड स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं पैसे दिले, मग तेही थांबलं. तेव्हापासून आजपर्यंत याला मालक नाही.

आता माझं. २००३ ची गोष्ट, मी जळगावला शिकायला होतो. पुण्याच्या मित्रानं वूडीच्या म्हणजे ३.० च्या तीन सीड्या राइट करून दिल्या. सेट मोठा होता पण त्याच्याकडे तीनच कोऱ्या सीड्या उरलेल्या. आमचं गावात खत-बियाण्यांचं दुकान, तिथे नवाकोरा पेंटियम ४ घेतलेला, कंपनीच्या योजनेत मिळालेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, त्याच्यावर आबांचा भारी जीव. मी सुट्टीत गेलो आणि रात्री दुकान बंद झाल्यावर बसलो. तेव्हाचा इन्स्टॉलर म्हणजे निळा पडदा आणि इंग्रजी. आबा सातवी शिकलेले पण पार्टिशन हा शब्द त्यांना पक्का माहीत, तलाठी ऑफिसात आणि कोर्टात ऐकलेला. स्क्रीनवर तो दिसला तसे उठून जवळ आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कोनी वाटनी करी ऱ्हायना रे?"

मी म्हटलं काही नाही आबा, डिस्कचे दोन हिस्से करतोय. आणि एंटर मारला. आणि लाइट गेली.

(तेव्हा लोडशेडिंग असं होतं की लाइट कधी येते हे विचारायचो, कधी जाते हे कोणी विचारायचं नाही.) लाइट आल्यावर बघतो तर ना विंडोज ना डेबियन, अख्ख्या हंगामाची उधारी गेली. चूक माझीच, बॅकअप घेतला नव्हता. आबा काहीच बोलले नाहीत, गल्ल्याखालून लाल चोपडी काढली आणि तिच्यावरची धूळ फुंकली. कॉम्प्युटर आल्यापासूनही ते रोज रात्री तिच्यात लिहीतच होते.

त्याच मशीनवर पुढे महिन्याभरानं डेबियन नीट बसलं आणि आजही दुकानाचं बिल त्याच्यावरच निघतं. एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय तीनदा बदलला, हार्डडिस्क दोनदा, पंख्यात युरियाची पावडर जाते ती दर दिवाळीला साफ करतो. अडचण अशी की ट्रिक्सीनं ३२ बिटच्या म्हणजे माझ्यासारख्या जुन्या मशीनसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद केलंय. काय करू?

फलाट_नंबर_तीन (भुसावळ)
१६ ऑगस्ट, सकाळी १०:२५

वा भो, मस्त सुरुवात. अडचणीचं नंतर, आधी थोडं जुनं उकरतो, तुम्ही घाईत निसटून गेलात.

डेबियन १.० कधी आलंच नाही हे माहितीये का? १९९५ च्या डिसेंबरात एका सीडी विकणाऱ्या कंपनीनं अर्धवट शिजलेलं व्हर्जन उचललं आणि डेबियन १.० म्हणून छापून विकून टाकलं. लोकांनी टाकलं तर ते चालेना, शिव्या डेबियनला. मग या लोकांनी ठरवलं की १.० नावच वापरायचं नाही, गोंधळ नको, आणि जून १९९६ ला थेट १.१ काढलं. त्यात ४७४ पॅकेजेस होती. आत्ताच्या ट्रिक्सीत ६९ हजारांच्या वर आहेत, म्हणजे बघा.

नावांचं पण सांगतो. तेव्हाचा लीडर ब्रूस पेरेन्स हा पिक्सारमध्ये नोकरीला, आणि त्यांचा तो बोलणाऱ्या खेळण्यांचा पिक्चर नुकताच आलेला. त्यानं १.१ ला बझ नाव दिलं आणि तेव्हापासून प्रत्येक व्हर्जन म्हणजे एक खेळणं. हॅम, पोटॅटो, वूडी, सार्ज, लेनी... ट्रिक्सी म्हणजे ती निळी डायनासोर. आणि जे कायम कच्चं राहतं, रोज बदलतं, त्याचं नाव सिड. पिक्चरमध्ये सिड म्हणजे शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. मी २००६ मध्ये सिड घरच्या मशीनवर टाकून बसलो होतो, नाव का ठेवलं ते आठ दिवसात कळलं.

आणि पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं टूल. १९९४ मध्ये डीपीकेजी सी भाषेत नव्यानं लिहिलं ते इयन जॅक्सननं, म्हणजे दुसरा इयन, तो पुढे १९९८ ला लीडर पण झाला. त्याच्यावर डीसिलेक्ट नावाचा एक मेनू होता, देवा रे, तो ज्यानं वापरला त्याला तुरुंगातलं जेवण पण गोड लागेल. १९९९ मध्ये २.१ सोबत ॲप्ट आलं आणि जीव वाचला. एक कमांड मारायची, तो ज्या ज्या गोष्टी लागतात त्या स्वतः शोधून आणतो. आज मोबाइलवर स्टोअरमधून ॲप टाकणाऱ्या पोरांना यात काय विशेष वाटणार नाही, पण १९९९ ला हे जादू होतं.

केळीबाग
१६ ऑगस्ट, सकाळी ११:०२

रावेरहून राम राम. वाचायला गोड लागतंय पण एक विचारू का, राग मानू नका, हे फुकट बनवून या लोकांना मिळतं काय? आणि आम्हाला त्याचा उपयोग काय? माझ्याकडे मोबाइल आहे तेवढा बास होतो.

धुळेकरीण
१६ ऑगस्ट, दुपारी १:१५

केळीबाग दादा, उपयोगाचं आधी. ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून चालू-बंद करायला पोरं जो पत्त्याच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर लावतात ना, त्याच्यावरची सिस्टिम डेबियनवरूनच केलेली आहे. दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, तिथल्या लॅपटॉपवर २०१३ मध्ये विंडोज एक्सपी काढून डेबियन टाकलं. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं बॉस नावाची भारतीय सिस्टिम काढली, तिचा पाया पण डेबियन. उबुंटू नावाचा लोकप्रिय डिस्ट्रो आहे, त्याचा पाया डेबियन. त्यामुळे तुम्ही डेबियन नाव न ऐकता सुद्धा दिवसातून दहा वेळा कुठल्या तरी डेबियनच्या सर्व्हरशी बोलत असणार.

आता मिळतं काय. पैसे नाही मिळत, आणि त्याच्यावरून एकदा मोठं महाभारत झालं होतं. २००६ ला ४.० म्हणजे एच डिसेंबरात काढायचं ठरलेलं. तेव्हाचा लीडर अँथनी टाउन्स आणि काही जणांनी विचार केला की बाहेरून वर्गणी काढून दोन रिलीज मॅनेजरना एकेक महिना पगार देऊ, म्हणजे ते पूर्णवेळ बसतील आणि वेळेवर निघेल. डंक-टँक नाव होतं त्या प्रकाराचं.

आता तुम्हीच सांगा, गावात सप्ताह आहे, शेवटच्या दिवशी भंडारा, शंभर जण पहाटेपासून फुकट राबतायत, कोणी भाजी चिरतंय, कोणी पंगतीत वरण वाढतंय, आणि मध्येच कमिटीनं सांगितलं की या दोघांना रोज देणार आहोत. बाकीच्यांच्या हातातला झारा थांबणारच ना? तसंच झालं. काहींनी मुद्दाम हात आखडता घेतला, लीडरला काढा म्हणून मतदान लागलं (ते पडलं), आणि वेळेवर निघण्यासाठी केलेली ही सगळी खटपट, त्यात एच निघालं ८ एप्रिल २००७ ला. चार महिने उशिरा.

मला त्या दोघांचं काही चुकलं असं वाटत नाही, पोट सगळ्यांनाच असतं. पण भंडाऱ्याचा हिशोब आणि मजुरीचा हिशोब एका पातेल्यात शिजत नाही एवढं खरं.

नवाकोरा_१९ (शहादा)
१६ ऑगस्ट, दुपारी ३:४८

ताई मग निर्णय कोण घेतं?? कंपनी नाही मालक नाही तर भांडण झालं की काय करतात

धुळेकरीण
१६ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

भांडतात. 😄 पण लिहून ठेवलेल्या नियमांनी भांडतात. जुलै १९९७ मध्ये सामाजिक करार मंजूर झाला, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेला शब्द. हे कायम मुक्त राहील, आमच्या अडचणी लपवणार नाही, वगैरे. त्यातच मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं त्याच्या अटी होत्या, आणि १९९८ ला ओपन सोर्स हा शब्द जगभर झाला तेव्हा त्याची व्याख्या याच अटींवरून उचलली. म्हणजे जो शब्द आज मोठमोठ्या कंपन्या मिरवतात त्याचा मसुदा या बिनपगारी मंडळींनी ईमेलवर वाद घालून घालून पक्का केलेला.

मग १९९८ च्या डिसेंबरात घटना, म्हणजे डेबियनचं संविधान, आली. दरवर्षी लीडर निवडतात. मतदान पसंतीक्रमानं, म्हणजे शिक्का एकावर नाही, एक दोन तीन असे नंबर टाकायचे, आणि यादीत 'वरीलपैकी कोणीही नको' हा पण एक उमेदवार असतो. आपल्याकडे नोटा यायच्या कितीतरी आधी. २०१९ ला तर गंमत, लीडरकीला मुदतीत एकही अर्ज आला नाही. आपल्याकडे सरपंचकीला डोकी फुटतात आणि तिथे कोणी उभंच राहिना, मुदत आठवडाभर वाढवावी लागली, मग चार-पाच जण आले. २०२४ ला केरळच्या श्रुती चंद्रन उभ्या होत्या, निवडून जर्मनीचे आंद्रेयास टिले आले.

खोडरबर
१६ ऑगस्ट, रात्री ९:१२

लोकशाही लोकशाही म्हणून फार कौतुक चाललंय म्हणून लिहितो. २०१४ विसरलात? सिस्टिमडी आणायचं का अपस्टार्ट (दोन्ही मशीन चालू होताना बाकी सगळं सुरू करणारे प्रोग्रॅम), यावर तांत्रिक समितीत आठ माणसं, चार इकडे चार तिकडे, मग अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या एका निर्णायक मतावर अख्ख्या डेबियनची बूट व्हायची पद्धत बदलली. लोक ओरडले. मग नोव्हेंबरात सगळ्यांचं मतदान घेतलं तर त्यात जिंकलेला पर्याय काय, तर 'ठरावाची गरज नाही'. म्हणजे ठरावाची गरज नाही असा ठराव झाला!! आपली ग्रामसभा बरी.

आम्ही काही जण तेव्हाच बाहेर पडलो. डेव्हुआन निघालं, म्हणजे सिस्टिमडीशिवायचं डेबियन, २०१७ ला पहिलं पक्कं व्हर्जन आलं, मी तेव्हापासून तेच वापरतो आणि सुखात आहे. आणि आता बघा, ३२ बिटवाल्या गरिबांना पण बाहेर काढलं. अवकाशात लॅपटॉप चालवा आणि गावातलं दुकान बंद पाडा. गिरणाकाठ भाऊ, तुमच्या आबांच्या मशीनची काळजी आता कोणी घेणार नाही.

फलाट_नंबर_तीन
१६ ऑगस्ट, रात्री १०:०५

खोडरबर भाऊ दम खा. ३२ बिट कोणी मुद्दाम मारलं नाही, सांभाळायला माणसं उरली नाहीत. ज्याला दुखतं त्यानं राखणदार व्हावं हाच नियम आहे पहिल्यापासून. तुम्ही किती पॅकेज सांभाळता? मी शून्य सांभाळतो म्हणून मी गप्प बसतो.

खोडरबर
१६ ऑगस्ट, रात्री १०:११

शून्य. पण बोलायचा अधिकार आहे की नाही.

फलाट_नंबर_तीन
१६ ऑगस्ट, रात्री १०:१४

आहे ना. बोला बोला.

गिरणाकाठ
१७ ऑगस्ट, सकाळी ८:२०

रात्री हे वाचून बराच वेळ डोक्यात फिरत होतं. दोन आठवड्यांपूर्वी कानबाईच्या रोटाला गावी होतो. ज्यांना माहीत नाही त्यांना, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, रोट असतात ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला नाही देत. वर्षभर बांधावरून ज्यांचं तोंड बघत नाही ते चुलते त्या दिवशी एका पाटावर जेवतात. जेवताना पण बोलत नाहीत, पण जेवतात.

आमच्या आज्याच्या काळात १८ एकर एकत्र होती. वाटणी झाली, ६-६-६. मग आबांची आणि काकांची पुन्हा वाटणी. आता माझ्या नावावर दीड एकर आहे आणि विहिरीवर पाळी. प्रत्येक वेगळ्या चुलीमागे शेत कमी होत गेलं, म्हणून आपल्याला वाटणी म्हटलं की पोटात गोळा येतो, आबांना त्या रात्री आला तसा.

डेबियनमध्ये उलटं आहे. २००४ ला मार्क शटलवर्थ, जो आधी स्वतः डेबियनमध्ये काम करायचा, त्यानं वेगळी चूल मांडली, उबुंटू. जाताना अख्खं १८ एकर सोबत घेऊन गेला. आणि मागे बघतो तर १८ एकर जागच्या जागी. खोडरबर भाऊ डेव्हुआनला गेले, तेही १८ एकर घेऊन गेले. लायसनच तसं आहे, कॉपी कोणीही न्या, फक्त पुढच्याला पण नेऊ द्या. भांडण झालं म्हणून कोणाचं शेत कमी होत नाही. म्हणून हे लोक ३२ वर्षं इतकं कडाकडा भांडू शकले असं मला वाटतं.

खोडरबर भाऊंचं ते ठरावाचं वाचून हसू आलं, पण ते खरं आहे.

फलाट_नंबर_तीन
१७ ऑगस्ट, सकाळी ९:५०

काय बोललास भो. फक्त एक दुरुस्ती, शेत कमी होत नाही पण गडी कमी होतात. उबुंटू निघालं तेव्हा डेबियनचे चांगले चांगले लोक तिकडे पगारावर गेले. आणि इकडे ३.१ सार्ज काही निघेना. जुलै २००२ ला वूडी आलं ते डायरेक्ट जून २००५ ला सार्ज. तीन वर्षं. कधी येणार विचारलं की उत्तर ठरलेलं, "तयार झालं की".

उबुंटूनं आपल्याकडे बाजी मारली ती पाकिटांमुळे. वेबसाइटवर पत्ता टाकला की परदेशातून फुकट सीड्या पोस्टानं घरी. मी दहा मागवल्या होत्या. पोस्टमन काका पाकीट घेऊन रेल्वे क्वार्टरला आले, वरचे परदेशी शिक्के बघितले आणि बाबांना म्हणाले, पोराला बाहेर नोकरी लागली वाटतं, पेढे आणा. बाबांनी खरंच पेढे आणले, मग मी सांगितलं की नोकरी नाही, सीडी आहे. ती शांतता अजून आठवते. त्या दहातल्या दोन लावल्या, बाकीच्या घराच्या गच्चीवर कबुतरं येऊ नयेत म्हणून आईनं दोरीला बांधल्या.

धुळेकरीण
१७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

😂😂 आमच्या गच्चीवर पण होत्या.

भांडणाचं झालं, आता चुकीचं पण लिहिते, नाहीतर फार आरती होईल. २००८ च्या मे महिन्यात मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हर बघायचे. १३ तारखेला बातमी आली की डेबियनमधल्या ओपनएसएसएलच्या (नेटवरचं बोलणं गुपित ठेवणारं सॉफ्टवेअर) किल्ल्या तकलादू आहेत. झालं असं होतं की २००६ मध्ये डेबियनच्या राखणदारानं कोड तपासणारं टूल तक्रार करतंय म्हणून दोन ओळी बंद केल्या. त्यातल्या एका ओळीतूनच किल्ली बनवायला लागणारा सगळा रँडमपणा येत होता. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा नंबर, म्हणजे ३२,७६८ शक्यता. म्हणजे जगातलं सगळ्यात महाग कुलूप, पण बाजारात त्याच्या ३२,७६८ च किल्ल्या, कोणीही बसून एकेक लावून बघावी. पावणेदोन वर्षं कोणाच्या लक्षात नाही. शोधलं ते पण डेबियनच्याच लुसियानो बेल्लोनं.

आमच्याकडे चाळीसच्या वर मशीन. दोन रात्री मी आणि एक ज्युनिअर पोरगी, प्रत्येक सर्व्हरच्या एसएसएच (दुरून लॉगिन करायच्या) किल्ल्या नव्यानं करतोय, जुन्या पुसतोय, क्लायंटला फोन करून सांगतोय. साहेब येऊन म्हणाले की म्हणूनच मी सांगतो फुकटचं वापरू नका. मी काही बोलले नाही. पण एक सांगते, त्यांनी ते लपवलं नाही. त्याच दिवशी कुठल्या किल्ल्या खराब, कशा ओळखायच्या, तपासायचं टूल, सगळं समोर ठेवलं. करारात लिहिलेलंच आहे, अडचणी लपवणार नाही. नंतर मी विकतच्या सॉफ्टवेअरवाल्या बऱ्याच कंपन्यांसोबत काम केलं, तिथे अशी बातमी वकिलांकडून फिरून यायला तीन तीन महिने लागतात.

केळीबाग
१७ ऑगस्ट, दुपारी २:०५

ताई हे कुलपाचं बरोबर समजलं. आमच्याकडे मोटारीच्या पेटीला सगळे एकाच दुकानातलं कुलूप आणतात, कोणाचीही किल्ली कोणालाही लागते.

धुळेकरीण
१७ ऑगस्ट, दुपारी २:३०

अगदी तेच दादा.

अजून एक लिहायचं राहिलं. २.२ पोटॅटो, ऑगस्ट २००० चं. ते जोएल क्लेकर नावाच्या मुलाला अर्पण केलंय, सगळे त्याला एस्पी म्हणायचे. कितीतरी पॅकेज सांभाळायचा, वेळेवर उत्तरं द्यायचा. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, स्नायू झिजत जाण्याचा आजार, आणि तो बहुतेक सगळा काळ अंथरुणाला खिळून काम करत होता, हे सोबत काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीतच नव्हतं. ११ जुलै २००० ला गेला, २१ वर्षांचा होता. रिलीजला महिना राहिला होता.

इयन मर्डॉक स्वतः २८ डिसेंबर २०१५ ला गेला, ४२ व्या वर्षी. २०१७ चं ९ नंबरचं स्ट्रेच त्याला अर्पण आहे.

फलाट_नंबर_तीन
१७ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

एस्पीचं माहीत नव्हतं मला.

२०२३ च्या सप्टेंबरात डेबियनची वार्षिक परिषद कोचीला होती, भारतात पहिल्यांदाच. आमच्या भुसावळहून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते, घराच्या दारातून गाडी, तिकीट पण काढलं होतं, आणि ऐनवेळी ऑफिसनं सुट्टी नाकारली. दुसऱ्या वर्षी परिषद कोरियाला, तिकडे काय मंगला जात नाही. त्या कोचीच्या परिषदेत सहलीच्या दिवशी केरळचाच एक तरुण डेव्हलपर कयाकिंग करताना पाण्यात बुडून गेला. तिकडून आलेल्या मित्रानं सांगितलं की त्यानंतर कोणाला बोलायला सुचत नव्हतं.

नवाकोरा_१९
१८ ऑगस्ट, रात्री ११:३७

मी काय करू शकतो?? कोडिंग एवढं येत नाही अजून. मराठीचं काही असतं का

धुळेकरीण
१९ ऑगस्ट, सकाळी ७:५५

असतं रे बाळा. इन्स्टॉलर मराठीतून चालतो. पूर्वी शक्य नव्हतं कारण साध्या टेक्स्ट पडद्यावर आपली जोडाक्षरं नीट बसायची नाहीत, ४.० पासून ग्राफिकल इन्स्टॉलर आला आणि रस्ता मोकळा झाला. भाषांतर करायला डेव्हलपर असावं लागत नाही. पीओ फाइल असते, वर इंग्रजी ओळ, खाली तुझी मराठी ओळ. एक फाइल घे, आधी नुसती वाच, जिथे अडखळशील तिथे खूण कर.

फक्त एक विनंती, माउंटला (डिस्क वापरायला जोडणं) आरोहित वगैरे लिहू नकोस. माउंटच राहू दे. ज्याला माउंट समजत नाही त्याला आरोहित समजणार आहे का?

खोडरबर
१९ ऑगस्ट, सकाळी ८:३०

या एका बाबतीत ताईंशी १००% सहमत.

आणि गिरणाकाठ भाऊ, रागाच्या भरात बोललो पण उपाय सांगायचा राहिला. ट्रिक्सीच्या मागे लागूच नका. १२ म्हणजे बुकवर्मला ३२ बिटचा इन्स्टॉलर आहे. पेंटियम ४ ला चालतो. नेहमीचे सुरक्षा अपडेट जून २०२६ पर्यंत आहेत. आणि दुकानाचं मशीन नेटला जोडायची गरजच काय, बिलच तर छापायचंय. नाहीतर आमच्याकडे या.

फलाट_नंबर_तीन
१९ ऑगस्ट, सकाळी ८:४१

खोडरबर भाऊ डेबियन टाकायला सांगतायत, तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

गिरणाकाठ
२४ ऑगस्ट, रात्री ९:०५

पोळ्याला गावी गेलो होतो. बैल आता एकच जोडी उरलीय भावकीत, काकांकडे, आबांनी जाऊन नैवेद्य दाखवला, काकू पाणी द्या म्हटली, काका आत होते.

शनिवारी दुपारी दुकानात बसलो. बुकवर्मचा पेनड्राइव्ह नेला होता पण या मशीनला यूएसबीवरून बूट होणं माहीतच नाही, शेवटी चाळीसगावहून कोरी डीव्हीडी शोधून आणली, तीन दुकानं फिरलो, चौथ्यानं काउंटरच्या मागून धूळ झटकून दिली आणि विचारलं लग्नाची आहे का. बॅकअप या वेळी दोन ठिकाणी घेतला. इन्स्टॉलर मराठीत लावला मुद्दाम, आबांना वाचता यावं म्हणून. आबा आता ८१ चे आहेत, स्टूल ओढून शेजारी बसले आणि एकेक ओळ बोट लावून मोठ्यानं वाचायला लागले. नवाकोरा, तुझ्यासाठी दोन ठिकाणी अडखळले ते मी लिहून घेतलंय, पाठवतो.

सगळं ठीक चाललं होतं. मग डिस्कचं पान आलं आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात विभाजन.

आबा थांबले. माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता वाकले, गल्ल्याखालून लाल चोपडी काढली, मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि म्हणाले, "हां. आते कर."